बंद पडलेला जुना फिरता दिवा: काय दुरुस्त करावं, काय तसंच ठेवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका जुन्या अग्निशामक बंबावरचा लाल घुमटाचा फिरता दिवा तुम्ही विकत घेतलाय. अमेरिकी बनावटीचा आहे, आत पाठीला पाठ लावून दोन सील्ड बीम (बंद भांड्याचे बल्ब) बसवलेत. वीज दिली की मोटर घुमते, म्हणजे नुसता घुं-घुं आवाज करते, पण बल्बांची बैठक फिरत नाही. घुमट उन्हाने नारिंगी पडलाय, त्यावर चरे आहेत, तळाचा रंग जागोजागी उडालाय. हा दिवा नव्यासारखा करावा की आहे तसा ठेवावा, बल्ब काढून एलईडी घालावेत का, आणि संग्रह वाढवायचा तर पुढचा दिवा कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

प्रश्न तीन असले तरी आधी एकच गोष्ट ठरवावी लागते: या वस्तूतलं नेमकं काय जपायचं आहे? इशारा-दिवा बनवणाऱ्यापुढची अडचण अशी असते की दुरून येणाऱ्या, आपल्याच विचारात असलेल्या माणसाची नजर क्षणात खेचायची आहे. जुन्या काळी हे काम यंत्र करायचं. कोणी बल्ब फिरवला, कोणी आरसा, कोणी अख्खी बैठक झुलवली. त्या हालचालीत बनवणाऱ्याची सगळी अक्कल असते. म्हणून मी असं करतो: उजेड हलवणारे भाग मूळचेच राहावेत यासाठी हवा तेवढा वेळ देतो, जळणारे आणि झिजणारे भाग बिनदिक्कत बदलतो, आणि रंगरूपाचा निर्णय सगळ्यात शेवटी घेतो.

यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगतो. दिवा घरात फळीवर राहणार असेल तर एक उत्तर, जीर्णोद्धार केलेल्या बंबावर पुन्हा चढणार असेल तर दुसरं. एखाद्या विशिष्ट दलाचा, विशिष्ट गाडीवरचा आहे असा पुरावा असेल तर तळाचा उडालेला रंगसुद्धा त्या पुराव्याचा भाग होतो. शिवाय मी तुमचा दिवा पाहिलेला नाही. घुमणारी पण न फिरणारी मोटर म्हटलं की कारणं चार-पाचच असतात, त्यांच्या आधाराने मी पुढचं लिहितोय.

दुरुस्तीकडे वळण्याआधी हे दिवे असे का झाले ते थोडं पाहू, कारण त्यावरूनच कशाला हात लावायचा नाही ते कळतं.

सुरुवातीच्या बंबांवर आणि पोलिसांच्या गाड्यांवर स्थिर लाल दिवे असायचे. लक्ष वेधण्याचं मुख्य काम घंटा आणि सायरन करायचे. शहराच्या उजेडात स्थिर दिवा हरवतो, हलता दिवा मात्र डोळ्याच्या कडेलाही जाणवतो. शिकागोच्या अग्निशमन दलातल्या जेरी केनेली यांनी हे हेरलं आणि १९३६मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर झुलत्या दिव्याची चाचणी घेतली. त्यातून आलेले 'मार्स लाइट' पुढे रेल्वे इंजिनांवर आणि बंबांवर, दोन्हीकडे बसले. त्यांच्या गाजलेल्या प्रकारात बल्बची बैठक अशी हलते की झोत हवेत इंग्रजी आठच्या आकड्याची वाट काढतो. 'रोटो-रे' नावाच्या दिव्यात तीन बल्ब एका चाकावर असतात आणि ते चाक समोर तोंड करून फिरतं, त्यामुळे पुढून पाहणाऱ्याला प्रकाशाच्या ठिपक्यांचं फिरतं कडं दिसतं. दोघांनी एकच अडचण किती वेगळ्या वाटांनी सोडवली, ते या दोन दिव्यांच्या आतल्या जोडण्या पाहिल्या की कळतं. मला या छंदात सगळ्यात जास्त आनंद तिथेच मिळतो.

तुमच्या दिव्याचं घराणं मात्र सील्ड बीमपासून सुरू होतं. काच, परावर्तक आणि तार एकाच बंद भांड्यात असलेले हे बल्ब १९३९मध्ये अमेरिकेत मोटारींच्या पुढच्या दिव्यांसाठी आले, १९४०च्या मॉडेलांवर. मजबूत, धूळ न शिरणारा, आणि झोत कारखान्यातच नेमका बसवलेला बल्ब स्वस्तात मिळू लागल्यावर तो फिरवणं सोपं झालं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोच्या फेडरल कंपनीचा 'बीकन रे' आला आणि घुमटाखाली फिरणारे बल्ब हेच पोलिसांच्या गाडीचं रूप ठरलं. त्या बल्बांवर पार-३६ किंवा पार-४६ असं लिहिलेलं दिसेल. तो आकडा म्हणजे एक अष्टमांश इंचात मोजलेला व्यास: ३६ म्हणजे साडेचार इंच, ४६ म्हणजे पावणेसहा इंच. बदली बल्ब शोधताना हा आकडा आणि व्होल्टेज एवढं आधी जुळवायचं.

आता फिरण्याच्या वेगाकडे या. नवे संग्राहक हा वेग सहज बदलून टाकतात, म्हणून इथे जरा थांबतो. १९११च्या सुमारास ब्लोंदेल आणि रे या फ्रेंच अभ्यासकांनी क्षणभर चमकणारा उजेड डोळ्याला किती प्रखर वाटतो याचं गणित मांडलं. त्याचा साधा आशय असा: चमक जेवढी छोटी, तेवढी ती खऱ्या तीव्रतेपेक्षा मंद भासते. मंद किती, ते काढायला चमकेचा काळ घ्यायचा आणि त्याला, तोच काळ अधिक ०.२ सेकंद, याने भागायचं. समजा तुमच्या बल्बचा झोत ५ अंश रुंद आहे आणि बैठक मिनिटाला ४५ फेरे घेते. म्हणजे सेकंदाला २७० अंश. तो झोत तुमच्या डोळ्यावरून सुमारे १८ मिलिसेकंदांत निघून जातो आणि डोळ्याला मूळ तीव्रतेच्या साधारण बाराव्या हिश्श्याइतकाच जाणवतो. आता "अजून झगमगेल" म्हणून वेग दुप्पट केलात तर चमका दुप्पट होतात, पण प्रत्येक चमक जवळजवळ निम्मी भासते. जुन्या दिव्यांचा तो संथ, भारदस्त फेरा असा हिशेबाने आलेला आहे. दोन बल्ब आणि ४५ फेरे म्हणजे मिनिटाला ९० चमका. जास्त चमका हव्या असतील तेव्हा शहाणे कारखानदार वेग वाढवण्याऐवजी बल्बच चार करायचे आणि त्याची किंमत दुप्पट करंटने मोजायचे. झुलत्या दिव्यांत हाच फायदा दुसऱ्या प्रकारे मिळतो. झोका टोकाला पोचला की क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या माणसाला लांब चमक दिसते.

युरोपी दिवे वेगळ्या वाटेने गेले. बॉश आणि हेला या जर्मन कंपन्यांच्या घुमटांत बहुधा बल्ब मध्यभागी स्थिर असतो आणि त्याच्याभोवती परावर्तक फिरतो. फिरणाऱ्या भागाला वीज पोचवायची गरजच नाही, म्हणून मोटर लहान आणि बिघाड कमी. पण परावर्तक एक असेल तर एका फेऱ्याला चमक एकच पडते. युरोपच्या आर-६५ नियमात सेकंदाला २ ते ४ चमका लागतात, म्हणजे अशा दिव्याला मिनिटाला किमान १२० फेरे घ्यावेच लागतात. अमेरिकी दिव्याशेजारी हा दिवा ठेवला तर त्याची लगबग लगेच डोळ्यांत भरते.

रंगाचाही असाच हिशेब आहे. तारेच्या बल्बच्या उजेडात तांबडा भाग भरपूर आणि निळा अगदी थोडा असतो. लाल घुमट त्यातला बराच उजेड बाहेर सोडतो. निळा घुमट बहुतेक उजेड स्वतःच गिळतो आणि तापतो. हॅलोजन बल्बवरच्या जुन्या निळ्या घुमटांच्या डोक्याशी, बल्बच्या अगदी जवळ, बारीक जाळीदार तडे दिसतात त्याचं हे एक कारण. पण अंधाराला सरावलेला डोळा निळ्याला जास्त जागा असतो आणि लाल त्याला काळपट दिसू लागतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किने यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. त्यामुळे लाल दिवसा आणि निळा रात्री सरस. जर्मनीत १९३८मध्ये निळा रंग ठरला तो मात्र ब्लॅकआउटच्या, म्हणजे हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे झाकण्याच्या, विचाराने. संग्राहकाने यातून एक लक्षात ठेवावं: घुमट पारदर्शक दिसला म्हणजे मूळचा लाल घुमट हरवलाय असं लगेच समजू नये. काही दिव्यांत घुमट मुद्दाम पारदर्शक असतो आणि रंग बल्बच्या काचेवर असतो, म्हणजे एक चमक लाल आणि एक पांढरी पाडता येते.

आता तुमची मोटर.

पहिलं म्हणजे ती घुमत असताना वीज चालू ठेवू नका. अडकलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. आतली तारेची गुंडाळी तापते आणि ब्रश (वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) एकाच जागी कम्युटेटर, म्हणजे ते ज्यावर घासतात ते दांड्यावरचं तांब्याचं कडं, जाळतात. मग तळावरची, व्होल्टेज लिहिलेली पट्टी वाचा. जुने अमेरिकी दिवे ६ व्होल्टचे असू शकतात, कारण तिथल्या मोटारी १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतांश ६ व्होल्टवर चालायच्या. युरोपी मोठ्या गाड्यांवरचे दिवे २४ व्होल्टचे असतात. रेल्वे इंजिनांवरचे तर ३२ किंवा ७४ व्होल्टचेही मिळतात. पट्टी गेली असेल तर बल्बवरचा क्रमांक पाहा, पण बल्ब मध्येच कोणी बदललेला असू शकतो हे ध्यानात ठेवा. शंका असेल तर कमी व्होल्टपासून सुरुवात करा. ६ व्होल्टची मोटर १२वर जोरात पळते आणि जळते. १२ व्होल्टची मोटर ६वर फक्त रेंगाळते किंवा नुसती घुमते. तुमच्याकडे नेमकं हेच होत नाहीये ना, ते सगळ्यात आधी तपासा.

दुसरं, बैठक हाताने फिरवायचा मोह आवरा. आधी खाली वाकून गिअर पाहा. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखा वर्म आणि त्याला भिडलेलं दातेरी चाक असेल, तर ही जोडणी सहसा एकाच दिशेने चालते: मोटर चाक फिरवू शकते, चाक मोटर फिरवू शकत नाही. वरून जोर लावलात तर जे मऊ असेल ते तुटतं, आणि मऊ असतं ते चाक. आवाज कमी व्हावा म्हणून ही चाकं बऱ्याचदा फायबरची किंवा कापड घातलेल्या बेकेलाइटची केलेली असतात. जुनी झाली की दात ठिसूळ होतात. हे एक चाक गेलं की दिव्याचा आत्मा गेला असं मी मानतो, कारण तसंच चाक मिळवायला दुसरा अख्खा दिवा फोडावा लागतो. काही दिव्यांत घसरणारा क्लच असतो, काहींत रबरी चाक नुसतं घासून बैठक फिरवतं. तिथे हाताने फिरवलं तरी चालतं. तुमच्याकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय हात लावू नका.

बहुतेक वेळा गुन्हेगार ग्रीस असतं. वर्षानुवर्षांनी त्यातलं तेल निघून जातं आणि उरलेला साबणाचा भाग मेणासारखा घट्ट बसतो. तपकिरी, नखाने खरवडावा लागणारा थर दिसला की समजा, कारण सापडलं. घुमट आणि बल्ब उतरवून बाजूला ठेवा, मोटर काढा, वर्म आणि चाक खनिज टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. मग लिथियम ग्रीसचं पातळ बोट फिरवा. भरपूर ग्रीस घातलं म्हणजे भरपूर काळजी घेतली असं होत नाही. जास्तीचं ग्रीस फिरताना उडतं आणि घुमटाच्या आतून ठिपके पडतात. मोटरच्या दोन्ही टोकांच्या बुशला (दांडा ज्यात फिरतो त्या नळीला) हलक्या मशीन तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. गंज सोडवणारा फवारा हे वंगण नव्हे. त्याने आज मोटर सुटेल आणि थोड्या दिवसांनी पुन्हा अडकेल.

यानंतर मोटर एकटी, गिअरशिवाय चालवून पाहा. मोकळी फिरली तर दोष गिअरमध्ये किंवा बैठकीच्या बेअरिंगमध्ये. नाही फिरली तर ब्रश काढा. ब्रश झिजून स्प्रिंग लुळी पडली असेल तर मापाचे नवे ब्रश बसवायला हरकत नाही, ते झिजण्यासाठीच बनवलेले असतात. मोटर उलट दिशेला फिरली तर घाबरू नका. आत कायम चुंबक असेल तर तारा उलटल्यावर दिशा उलटते. गुंडाळीचं क्षेत्र असलेल्या मोटरची दिशा तारा उलटल्या तरी तीच राहते. या एका चाचणीने मोटर न उघडता तिचा प्रकार कळतो. मोटरच्या तारांना चिकटलेला छोटा कपॅसिटर दिसला तर तो काढून फेकू नका. ब्रशच्या ठिणग्यांचा खरखराट गाडीच्या रेडिओत येऊ नये म्हणून तो लावलेला असतो.

मोटर सुरळीत झाली की बल्ब लुकलुकायला लागतील, याची तयारी ठेवा. फिरणाऱ्या बल्बला वीज स्लिप रिंगमधून मिळते, म्हणजे फिरणाऱ्या तांब्या-पितळेच्या कड्यावर टेकलेला स्थिर ब्रश. घुमट काढून, खोलीत थोडा अंधार करून बैठक सावकाश फिरू द्या आणि ब्रशच्या टोकाकडे बघा. कड्यावर काळा पट्टा जिथे जाड आहे तिथे बारीक निळसर ठिणगी दिसेल आणि त्याच क्षणी समोरच्या भिंतीवरचा झोत दचकल्यासारखा मंद होईल. वीज बंद करा, कडं खोडरबराने घासा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. लोखंड घासायचा खरखरीत कागद वापरू नका, त्याचे ओरखडे नवा ब्रश खातात. बल्बचा परतीचा प्रवाह पुष्कळदा वेगळ्या तारेने न येता बेअरिंग आणि तळाच्या धातूतून येतो. म्हणून तळ सुंदर रंगवून आणल्यावर दिवा लागतच नाही, अशी तक्रार इतकी ऐकू येते. रंगाने अर्थिंगच तोडलेलं असतं. रंगवायचंच असेल तर स्क्रूखालची जागा झाकून ठेवा, किंवा परतीची स्वतंत्र तार आतून न्या.

टेबलावर चालवायला किती करंट लागेल याचा अंदाज घ्या. ३० वॉटचे दोन बल्ब १२.८ व्होल्टवर मिळून साधारण ४.७ अँपिअर घेतात, वर मोटरचे. पण बल्बची थंड तार पेटताना क्षणभर याच्या कितीतरी पट ओढते, त्यामुळे बेताचा पॉवर सप्लाय "बिघाड आहे" समजून स्वतःला बंद करतो आणि तुम्ही उगाच दिव्यात दोष शोधत बसता. दुप्पट-तिप्पट क्षमतेचा सप्लाय घ्या किंवा गाडीची बॅटरी वापरा, आणि बॅटरीच्या टोकापाशीच फ्यूज लावा. जुन्या रबरी किंवा कापडी वेष्टनाच्या तारा वाकवल्यावर तडकत असतील तर त्या बदला. इथे मूळपणाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. जुनी तार लेबल लावून पिशवीत ठेवली की झालं. नुसतं पाहण्यासाठी चालवायचा असेल तर व्होल्टेज १० टक्के कमी ठेवा. उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो, पण तारेचं आयुष्य जवळजवळ चौपट होतं. आता बनत नसलेल्या जुन्या सील्ड बीमसाठी हा सौदा मला नेहमी फायद्याचा वाटतो.

घुमटाबद्दल माझं मत बऱ्याच संग्राहकांना पटत नाही, तरी सांगतो. आधी तो कशाचा आहे ते ओळखा. काच थंड लागते आणि टिचकी मारली की खणकते. बाकी बहुधा अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट. अॅक्रिलिक उन्हात फारसं पिवळं पडत नाही पण बारीक तडे धरतं. पॉलिकार्बोनेट मार सोसतं पण ऊन सोसत नाही, पिवळट आणि धुरकट होतं. दोघांचा खरा शत्रू रसायन आहे. अॅसिटोन, पेट्रोल, थिनर, अमोनियावाला काच-क्लीनर, स्क्रू पक्का करणारं द्रव, यातलं काहीही घुमटाला लागू देऊ नका. स्क्रूच्या भोकापाशी ताण असतो, तिथून तडा सुरू होतो आणि पुढे थांबत नाही. म्हणून ग्रीस साफ करताना घुमट दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणतो. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. चरे उथळ असतील तर वॉटर पेपर, आधी १०००, मग १५००, मग २०००, सतत पाणी घालत, आणि शेवटी प्लास्टिकचं पॉलिश. याने चकाकी येते, उडालेला रंग येत नाही, कारण रंग प्लास्टिकच्या आतच मिसळलेला असतो आणि उन्हाने तोच मेलेला असतो. वरून रंगाचा फवारा मारणं तर अजिबात नको. दिवा दोन मिनिटं चालला की तो तापून डागळतो. नारिंगी पडलेला घुमट मी आहे तसा ठेवतो. बंबावर चालता दिवा हवा असेल तर नव्याने बनवलेला घुमट घ्या, मूळचा कागदात गुंडाळून जपा. आणि घुमटाची पकड कडी आवळताना हात आखडता घ्या. गाडीवरच्या ठोकरीपेक्षा जास्त आवळलेल्या स्क्रूने तडकलेले घुमट मी जास्त पाहिलेत.

तळाचा रंग उडालाय असं तुम्ही लिहिलंय, पण त्यावर रंगाने लिहिलेला क्रमांक, दलाची खूण, मूळ कारखान्याची चिकटपट्टी असेल तर तिथे कागद लावू नका. गंज सुटा करून पातळ मेणाचा हात द्या. असं काहीच नसेल आणि रंग आधीच कोणीतरी दुसऱ्यांदा मारलेला असेल, तर पुन्हा रंगवायला माझी हरकत नाही.

इथपर्यंतचा क्रम एकदा सांगतो, म्हणजे घोटाळा होणार नाही: व्होल्टेज ओळखा, गिअरचा प्रकार पाहा, ग्रीस काढा, मोटर एकटी चालवा, मग स्लिप रिंग आणि अर्थिंग, आणि घुमटाला सगळं झाल्यावर हात लावा.

एलईडीबद्दल. सील्ड बीमच्या मापात एलईडी मिळतात आणि फिरणारी बैठक शाबूत ठेवून ते बसवले तर मी त्याला बदल म्हणतो, विध्वंस म्हणत नाही. करंट घसरतो, घुमट तापत नाही, जुने बल्ब वाचतात. पण तीन गोष्टी पाहा. झोत अरुंद हवा. रुंद उजेड टाकणारा एलईडी फिरवला तर चमक जाऊन नुसता लाल उजेड डोलत राहतो. सील्ड बीमला धन-ऋण नसतं, एलईडीला असतं, त्यामुळे धन टोक बॉडीला जोडलेल्या जुन्या गाडीवर तो पेटणारच नाही. आणि काही स्वस्त एलईडी आतल्या आत वेगाने उघडझाप करत असतात. स्थिर असताना ते कळत नाही, पण फिरताना भिंतीवर झोताऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. लाल घुमटाखाली पांढरा एलईडीही फिका दिसू शकतो, कारण त्याच्या उजेडात तांबडा भाग तारेच्या बल्बपेक्षा कमी असतो. लाल घुमटाखाली लाल एलईडी घ्या. मोटर आणि बैठक काढून त्या जागी न हलणाऱ्या, नुसत्या लुकलुकणाऱ्या एलईडीच्या चकत्या बसवू नका, एवढी कळकळीची विनंती. त्यानंतर हाती फक्त टोपी उरते.

पुढचा दिवा कोणता? रंग किंवा कंपनी बघून घेण्यापेक्षा, उजेड हलवण्याची दुसरी तऱ्हा असलेला घ्या. तुमच्याकडे फिरणारे बल्ब आहेत. त्याच्या शेजारी स्थिर बल्ब आणि फिरता परावर्तक असलेला हेला किंवा बॉश ठेवा, दोन्ही घुमट उतरवून एकदम चालवा, म्हणजे वर लिहिलेलं सगळं समोर दिसेल. जागा आणि ऐपत असेल तर झुलता मार्स लाइट. मग लाइट-बार, म्हणजे गाडीच्या टपावर आडवी बसणारी दिव्यांची पट्टी. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला फेडरलचा 'ट्विनसॉनिक' घ्या: दोन टोकांना फिरते दिवे, मधे सायरनचा स्पीकर, आत तिरके आरसे. आरशामुळे एकाच झोताच्या जास्त चमका पुढे पडतात, वीज मात्र तेवढीच. नंतरचा 'व्हेक्टर' बार इंग्रजी व्ही अक्षरासारखा मागे दुमडलेला आहे, त्यामुळे बाजूने आणि तिरकं येणाऱ्यालाही दिवे एकामागे एक लपत नाहीत. झेनॉन स्ट्रोब, म्हणजे वायूच्या नळीतून क्षणिक चमका पाडणारे दिवे, सुरुवातीला घेऊ नका. त्यात हलणारं काही नसतं आणि त्याच्या सप्लायमधले कपॅसिटर काही शे व्होल्ट धरून ठेवतात, वीज काढल्यानंतरही. ते सुरक्षितपणे रिकामे करायची सवय नसेल तर झाकण उघडू नये.

विकत घेताना मी आधी गिअर आणि मोटर पाहतो, मग घुमट, मग तळ, आणि बल्ब सगळ्यात शेवटी. दोन-तीन दिव्यांचे भाग जोडून केलेले नग बरेच फिरतात. घुमटाच्या आतल्या धाऱ्या ही एक चांगली खूण आहे. घुमटाच्या आत दाट आडव्या धाऱ्या असतील तर तो बहुधा स्थिर बल्ब किंवा स्ट्रोबसाठी केलेला असतो, उजेड आडव्या पट्ट्यात दाबण्यासाठी. फिरत्या सील्ड बीमवर साधा, गुळगुळीत घुमट हवा, कारण झोत आधीच नेमका असतो आणि धाऱ्या तो विस्कटतात. तळाला एकाच मापाची दोन जोडी भोकं असतील तर तो दोन वेगळ्या गाड्यांवर बसून आलाय. तो दोष नाही, पण विक्रेत्याने सांगितलेल्या गोष्टीशी ते जुळतं का, हे विचारा.

रस्त्यावरच्या वापराचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण खासगी गाडीवर असा दिवा लावून तो चालू करणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे, आणि काही ठिकाणी नुसता उघडा लावणंही. बंबावर चढवणार असाल तर प्रदर्शनाला नेता-आणताना त्यावर अपारदर्शक टोपी घाला आणि वायरिंग सुटं ठेवा. आणीबाणीच्या गाडीला लोकांनी वाट द्यावी यासाठी हा दिवा बनलाय. तो विश्वास आपल्या छंदापायी पातळ होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

दिवा पुन्हा फिरू लागला की महिन्या-दोन महिन्यांतून पाचेक मिनिटं चालवत जा, म्हणजे ग्रीस बसून राहत नाही आणि कड्यावर थर धरत नाही. ठेवताना थेट ऊन टाळा. सध्या मात्र तळाची पट्टी आणि गिअर, एवढे दोन फोटो जवळून काढून टाका. गिअरचा फोटो असा काढा की चाकाचे दात मोजता येतील. मोटर मोकळी फिरते की नाही, तेही लिहा. मग दोष गिअरमध्ये आहे की गुंडाळीत, ते नक्की सांगता येईल.